बाई, आज नको

माझ्या सामानाच्या यादीतल्या खानापूरच्या मातीवर सिस्टरांनी पहिली काट मारली. मग रांगोळीची पूड गेली, झाडाची पानं गेली, कोंबडीची पिसं, चमकी, कच्ची डाळ, जुनी वर्तमानपत्रं आणि उग्र वासाचा गोंद, सगळं गेलं. उरले कोरे कागद, मेणाचे खडू, पोस्टर कलर, गोंदाची कांडी आणि बोथट प्लॅस्टिकची कात्री. कात्रीपुढेही त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं : प्लेटलेट बघून.

मी बेळगावात मराठी शाळेत चित्रकला शिकवते. आमच्याकडच्या मुलांच्या हाताला मातीची सवय असते. कर्नाटकी बेंदराला बैल करायचे, मण्णेत्तिन अमावास्येला शेजारच्या कन्नड घरातही मातीचे बैल पाटावर बसायचे, आणि दिवाळीत गल्लीगल्लीत किल्ला उभा राहायचा. खानापूरची माती तर कुंभारकामासाठी नावाजलेली. तिथं कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही आहे. मुलांना काय द्यायचं असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून पहिल्यांदा मातीच येते. पण हा शाळेचा वर्ग नव्हता. कर्करोग, थॅलेसेमिया म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणारा रक्ताचा आजार, आणि असेच लांबलेले आजार घेऊन येणाऱ्या मुलांचा वॉर्ड होता. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं होतं. म्हणाल्या, पोरं दिवसभर मोबाइलकडं नाहीतर छताकडं बघत पडतात, तुम्ही येता का?

सिस्टरांनी एकेका वस्तूचं कारण सांगितलं, आणि ते ऐकून घेतलं म्हणूनच पुढचं काम जमलं. केमो, म्हणजे कर्करोगावरचं औषध, चालू असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी पडतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी एरवी दर मायक्रोलिटरला 1500 च्या वर असतात. त्या 500 च्या खाली गेल्या की साधी बुरशीसुद्धा जिवावर उठते. मातीत बुरशी, कच्च्या धान्यात बुरशी, फुलदाणीतल्या पाण्यात जंतू. रांगोळीची पूड श्वासातून आत जाते. उग्र वासानं केमोतल्या मुलाला उमासे येतात. प्लेटलेट कमी असतील तर कात्रीची लहानशी जखमही वाहत राहते. वॉर्डात या सगळ्याला एकच शब्द, ‘काउंट’. आया एकमेकींना जेवलात का विचारायच्या आधी काउंट किती आला विचारतात. मीही ते शिकले. दारातून आत पाऊल टाकायच्या आधी सिस्टरांच्या टेबलावरची वही बघायची, कुणाचा काउंट पडलाय, कुणाला वेगळ्या खोलीत ठेवलंय, कुणाला आज पाठीतलं इंजेक्शन आहे, ते पाहायचं आणि मगच पिशवी उघडायची.

परवानगीच्या अर्जाचं काम बरंच लांबलं. ते सगळं सांगत बसत नाही. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. डॉक्टरीणबाईंनी अर्जात एक वाक्य स्वतःच्या हातानं घातलं : संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचं 31 वं कलम मुलाला विश्रांतीचा, खेळाचा आणि कलेत भाग घेण्याचा हक्क देतं, भारतानं ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली आहे, आणि आजारी मुलाला त्यातून वगळलेलं नाही. कार्यालयातले साहेब ते वाचून थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, म्हणजे ही थेरपी का? मी नाही म्हटलं. आर्ट थेरपी हे शिकून, देखरेखीखाली करायचं काम आहे. हा शब्द पहिल्यांदा वापरला एड्रियन हिल नावाच्या ब्रिटिश चित्रकारानं, 1942 साली. क्षयरोग होऊन सॅनेटोरियममध्ये पडला असताना चित्रं काढून त्याला स्वतःला उभारी आली, आणि मग तो इतर रोग्यांनाही कागद-रंग देऊ लागला. तो तरी मुळात चित्रकारच. मी चित्रकलेची शिक्षिका. मुलाच्या चित्रावरून त्याच्या मनात काय आहे हे मी कुणाला सांगणार नाही, अगदी त्याच्या आईलाही नाही, असं मी त्या अर्जावर लिहून दिलं. ‘कला उपक्रम’ एवढंच नाव ठेवलं.

हे लिहून दिलेलं पुढे फार उपयोगी पडलं. एकदा वॉर्ड बघायला पाहुणे आले होते. एका मुलानं सगळं आभाळ पिवळंजर्द रंगवलेलं. पाहुण्या बाई म्हणाल्या, बघा, किती आशावादी रंग! मुलगा मान वर न करता म्हणाला, “हे पिवळं औषध.” मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधाची पिशवी पिवळी असते, तो ती त्या आठवड्यात तासन्‌तास बघत पडला होता. या मुलांची रंगांची ओळख आपल्यापेक्षा वेगळी असते. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं दुसरं औषध लाल. ते दिल्यावर लघवीही लालसर होते, आणि आधी कुणी सांगितलं नसेल तर पोर घाबरून जातं. म्हणून लाल खडू कुणी बाजूला सारला तर मी तो परत पुढं करत नाही, आणि का सारलास असंही विचारत नाही.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडं येते.

वॉर्डातल्या मुलाला दिवसभरात कशालाही नाही म्हणता येत नाही. सुईला नाही म्हणता येत नाही, गोळीला नाही, बेचव खिचडीला नाही, राऊंडला आलेल्या डॉक्टरांच्या थंड हाताला नाही. सगळे त्याच्या भल्यासाठीच करतात, पण करतात त्याला न विचारता, कारण विचारून चालणारच नसतं. रक्ताच्या कर्करोगातला एएलएल हा प्रकार लहान मुलांत सगळ्यात जास्त दिसतो, आणि त्याचे उपचार साधारण 2 ते 3 वर्षं चालतात. सहा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातला हा केवढा मोठा तुकडा आहे बघा. एवढा काळ ‘नको’ या शब्दाला काहीच किंमत नसली तर मूल तो शब्द वापरायचंच सोडून देतं. निमूट हात पुढं करतं. लोक म्हणतात, किती शहाणं बाळ! मला त्या शहाणपणाची धास्ती वाटते.

म्हणून आमच्या उपक्रमाचा पहिला नियम असा की मी पलंगाजवळ जाऊन विचारते, “आज करूया का?” आणि उत्तर ‘नको’ आलं तर “बरं” म्हणून पुढच्या पलंगाकडं जाते. समजावत नाही, गोड बोलून वळवत नाही. आईनं मागून “अगं कर की, बाई एवढ्या लांबून आल्यात” म्हटलं तरी आईला हळूच थांबवते. चिक्कोडीकडची एक मुलगी होती, दहाएक वर्षांची. मी दिसले की भिंतीकडं तोंड करायची. मी दर खेपेला विचारायची, ती म्हणायची, “बाई, आज नको.” आईला संकोच व्हायचा, पण मला त्या मुलीचा आवाज दर खेपेला थोडा मोठा झालेला ऐकू यायचा. एके दिवशी तर मी तीन पलंग लांब असतानाच तिनं तिथून सांगून टाकलं, “आज नको हं!” आणि चक्क हसली. मग कधीतरी तिनंच विचारलं, काळा कागद आहे का? पिशवीत नव्हता. पुढच्या खेपेला खडेबाजारातून काळी कार्डशीट नेली. तिनं पांढऱ्या खडूनं त्यावर नुसते ठिपके दिले, ओळीत, अगदी सावकाश, आणि संध्याकाळपर्यंत ते जोडले नाहीत. “जोडायचे का नाही ते मी उद्या बघते,” म्हणाली. उद्या तिला केमो होती. तिनं ‘उद्या बघते’ म्हटलेलं त्या वॉर्डात मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसरा नियम सामानाचा. प्रत्येकाची स्वतःची प्लॅस्टिकची चेन असलेली पिशवी, वर नाव, आत त्याचेच खडू. एकाचा खडू दुसऱ्याला नाही. शाळेत आम्ही वाटून घ्यायला शिकवतो, इथं उलटं. रंगाला बाटलीबंद पाणी, प्रत्येकाला वेगळा कागदी कप, काम झालं की कप टाकून द्यायचा. खडू, पाटी, चिमटे सगळं स्पिरिटनं पुसायचं. मला साधी सर्दी झाली तरी त्या दिवशी मी जात नाही, फोन करून सांगते.

हाताचं गणित मात्र कुठल्या नियमात बसत नाही. बहुतेकांच्या एका हाताला इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनची सुई, असते, पुष्कळदा उजव्याच. मग डाव्या हातानं काढायचं. डाव्या हातानं काढलेल्या रेषेत एक गंमत असते, ती वळायला वेळ घेते, आणि मुलांना स्वतःलाच ती नवीन वाटते. व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधानं नसांवर परिणाम होतो. बोटांतली पकड जाते, पाऊल लटकं पडतं, जबडा दुखतो. बहुतेकांचं हे उपचार थांबल्यावर हळूहळू भरून येतं, पण त्या काळात बारीक पेन्सिल हातातून निसटते आणि मूल चिडतं. जाड खडूवर स्वच्छ रुमालाची गुंडाळी केली की पकडता येतं. ते नाही जमलं तर स्पंजचे चौकोन कापून ठसेकाम. आणि स्टेरॉईडच्या गोळ्यांच्या दिवसांत, चेहरा सुजलेला, भूक आवरत नाही, राग तर विचारूच नका, अशा दिवसांत मी घोटीव कागद नुसते फाडायला देते. टराटरा फाडायचे, मग हवे तर चिकटकाम, नको तर राहू दे. या दिवसांतली चित्रं बघाल तर सगळीकडं खाणं : मिरची भजी, कुंदा, भाकरी, आजीच्या हातची आमटी. एकानं पानभर नुसते पेढे काढले आणि प्रत्येकावर केशराची काडी.

थॅलेसेमियाच्या मुलांची तऱ्हा निराळी. ती वॉर्डात राहत नाहीत. दर 2 ते 4 आठवड्यांनी ‘ब्लड’ घ्यायला येतात. एक पिशवी चढायला तीन-चार तास, 4 तासांच्या आत ती संपवावीच लागते. चंदगड, गडहिंग्लजकडनं पहाटेच्या गाडीनं येतात, संध्याकाळी परत. त्यांना एका बैठकीत संपणारं काम आवडत नाही हे मला हळूहळू कळलं. कारण त्यांचं काहीच एका बैठकीत संपत नाही. म्हणून घडीचं पुस्तक काढलं. लांब कार्डशीटच्या पट्टीला मागंपुढं घड्या, आणि दर ब्लडला एकच पान. एका मुलाच्या पुस्तकात दर पानावर तीच एसटी आहे. कधी पावसात, कधी घाटात, कधी पंक्चर. पट्टी संपली की पुढची चिकटवतो. आता ती उलगडली तर दोन पलंगांत मावत नाही.

आया सुरुवातीला लांब बसायच्या. या बायका महिनोन्‌महिने वॉर्डाच्या बाहेर गेलेल्या नसतात. घरी दुसरं लेकरू सासूकडं, नवरा फौंड्रीत नाहीतर शेतात. एकीनं संकोचत विचारलं, “बाई, एक कागद मला द्याल काय?” तिनं बॉलपेननं ठिपके मांडले आणि रांगोळी सुरू केली. बैलहोंगलकडची एक आई शेजारून बघत होती. ती उठून आली, दोन ठिपके वाढवले, आणि दोघींनी एकमेकींची भाषा धड येत नसताना ती रांगोळी पुरी केली. पूड बंद, पण रांगोळी बंद नाही. आता माझ्या पिशवीत आयांसाठी वेगळी वही असते. त्यांची पोरं पलंगावरून हुकूम सोडतात, “आई, तिथं निळा घाल.” या वहीवर मला कुठल्याही उपक्रमाइतकाच विश्वास आहे, आणि कुणी असं काम सुरू करणार असेल तर पहिल्या दिवसापासून आयांसाठी कागद न्यावा, असं मी आवर्जून सांगेन.

दिवाळी आली तसा किल्ल्याचा विषय निघाला. निघणारच होता. येळ्ळूरकडच्या एका मुलाच्या घरासमोरून राजहंसगड दिसतो. त्याला तोच करायचा होता, आणि दगड-मातीचाच. सिस्टर नाही म्हणाल्या, त्यानं जेवण टाकलं. मी त्याला सरळ सांगितलं, माती येणार नाही, का येणार नाही तेही सांगितलं, आणि विचारलं, मातीशिवाय किल्ला होतो का ते तू ठरव, नाही होत म्हणालास तर करायचा नाही. त्यानं दोन दिवस घेतले. मग म्हणाला, पुठ्ठ्याचा करू, पण हळीव पेरायचं. हळिवालाही मनाई, ओलं बी, बुरशी. त्यावर त्यानंच तोड काढली : हिरवी लोकर बारीक कापून चिकटवायची. तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरून बैलहोंगलची मुलगी म्हणाली, “अक्कोरे, आमचा कित्तूरचा पण पाहिजे.” 1824 साली राणी चन्नम्मानं कंपनी सरकारच्या फौजेला जिथं हरवलं तो किल्ला, तिच्या आज्जानं दाखवलेला. थोडी वादावादी झाली. शेवटी वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दोन किल्ले उभे राहिले, मध्ये निळ्या पतंगी कागदाची नदी. खरोखर या दोन किल्ल्यांमधून मलप्रभा जाते, पण अशी दोघांना लागून नाही, हे मी सांगितलं. दोघंही म्हणाले, असू दे.

मावळे प्लॅस्टिकचे, स्पिरिटनं पुसलेले. ज्यांचा काउंट बरा ते टेबलापाशी यायचे. बाकीच्यांनी पलंगावर बसून बुरूज, कमानी, झेंडे करून पाठवले. राऊंडला आलेले डॉक्टर आधी किल्ला बघायचे, मग केसपेपर.

सगळी मुलं घरी जात नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली उद्दिष्ट ठेवलं, 2030 पर्यंत जगभरात कर्करोग झालेल्या मुलांतली निदान 60 टक्के वाचावीत. वाचणाऱ्यांचं प्रमाण वाढतंय, आणि त्याचा आनंद मोठा आहे. पण वॉर्डात टक्के नसतात, पलंग असतात. निपाणीकडचा एक लहानगा होता. चित्रं भरपूर काढायचा, पण कशावरही नाव घालायचा नाही. “अजून झालं नाही बाई,” म्हणायचा. त्याची तब्येत खालावली तेव्हा घरच्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, तो झोपेत असताना हाताचा ठसा घ्या, आठवण राहील. मी थांबूया म्हटलं. तो जागा झाल्यावर त्याला विचारलं. हाताला सुई होती. त्यानं विचार केला आणि म्हणाला, “हात नको. पाय घ्या.” निळ्या पोस्टर कलरचा थर ब्रशनं तळव्याला लावला, त्याला गुदगुल्या झाल्या, कागदावर पाऊल उमटलं, टाच थोडी हललेली. कोमट पाण्याच्या फडक्यानं बोटांच्या बेचक्यातला रंग त्याच्या आईनं पुसला. बराच वेळ पुसत होती.

तो गेल्यावर काही दिवसांनी वडील आले. प्रत्येक मुलाची चित्रं आम्ही त्याच्या फाइलमध्ये ठेवतो. ती त्याची असतात, भिंतीवर लावायची तरी त्याला विचारून. वडिलांनी फाइल मांडीवर घेऊन एकेक पान उलटलं. मग विचारलं, “बाई, नाव घालू काय मी आता?” मी म्हटलं, तुम्ही त्याचे बाबा, तुम्हाला वाटेल तसं. त्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ धरलं आणि परत खिशाला लावलं.

आता मोठ्या मुलांचं बघते आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना खडू नको असतात. ‘हे बारक्यांचं’ म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांनी स्वतःच सुचवलं म्हणून मोबाइलवर चलचित्र करायला घेतलंय. फोन स्टँडला पक्का बसवायचा, पुठ्ठ्याचा मावळा बोटभर सरकवायचा, फोटो, पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. सेकंदाला 12 फोटो धरले तर 10 सेकंदांच्या लढाईला 120 लागतात. बोटांत जोर नसलेल्याला पडद्यावर नुसतं टेकवायचं काम. वेगळ्या खोलीत ठेवलेला मुलगा दिग्दर्शक, काचेपलीकडून फोनवर सांगतो, “तो पाय मागं घ्या, तो नाही हो, दुसरा.” किल्ल्याचा दरवाजा उघडण्याचा प्रसंग त्यानं चार वेळा नापास केलाय. दरवाजा आतून उघडतो का बाहेरून ढकलतात यावर सध्या काम अडलंय. आवाज कुठल्या भाषेत भरायचा तेही ठरायचं आहे. स्टँड एकच आहे, स्पिरिटनं पुसून पुसून त्याचा स्क्रू सैल झालाय, आणि येत्या ब्लडच्या दिवसाआधी मला नवीन घ्यायचा आहे.